खिडकीतला कप



यंदा पर्युषणाच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरी फोटोंची गडबड होती. धाकटी लेक कॉलेजात फोटोग्राफी शिकते. ‘घरातलं रोजचं जेवण’ या विषयावर तिला वीस फोटो काढायचे होते. मी लगेच कामाला लागले. ओटा लख्ख पुसला, नळाला नवं गरणं बांधलं, पितळी डबे चिंचेनं घासून ओळीत मांडले. ती आली आणि म्हणाली, “आई, हे सगळं होतं तसं ठेव. सरांनी सांगितलंय, काही आवरायचं नाही.”

पसाऱ्याचा फोटो कोण बघणार, असं मी विचारलं. तेव्हा तिनं लॅपटॉप उघडून मला शेजारी बसवलं.

आधी दाखवले सुधारक ओलवे यांचे फोटो. हे आपल्या अकोल्याचे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण ताट धुऊन पितो, कण टाकत नाही, याचा मला केवढा अभिमान! पण समाजाच्या जेवणावळीनंतर द्रोण-पत्रावळींचा ढीग कुणाच्या हातांनी उचलला जातो, हे मी कधी थांबून पाहिलं नव्हतं. सकाळी घंटागाडी आली की डबा रिकामा करायचा आणि दार लावायचं, इतकाच आपला संबंध.

मग दाखवलं पुण्याच्या राज्यश्री गुडी यांचं काम. दलित आत्मकथनांत जिथं जिथं अन्नाचा उल्लेख येतो, तिथून त्या पाककृती लिहितात. त्यांच्या ‘ईट विथ ग्रेट डिलाइट’ या कामात घरच्या अल्बममधले फोटो आहेत. एकत्र जेवणारी, हसणारी माणसं. आपल्या अल्बममध्ये असतात अगदी तसेच. त्यावरून लेकीनं शाहू पाटोळे यांच्या पुस्तकाचंही नाव सांगितलं, ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. ‘पूर्णब्रह्म’ ऐकत मोठी झालेली मी, तो ‘अ’ कानाला टोचला. मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवर काय शिजत होतं, ते त्यात लिहिलंय. त्यातलं पुष्कळसं आपण खात नाही, मला तर वाचवणारही नाही. अहिंसेबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. पण कुणी काय खावं हे नेहमी त्याच्या मर्जीवर नव्हतं, जे वाट्याला आलं त्यावर त्या घरांनी चूल पेटवली, एवढं मात्र मला त्या दिवशी कळलं.

दोन दिवसांनी लेकीनं आपले फोटो दाखवले. मूग भिजलेलं पातेलं, धोवन पाण्याचा हंडा, माझे पिठाचे हात. छान होते. सोळावा फोटो आला आणि मी गप्प झाले. मागच्या खिडकीची कड, सकाळचं ऊन, घासणी, साबणाची वाटी आणि त्याशेजारी पालथा घातलेला एक जाड पांढरा कप.

तो मावशींचा कप. आमच्याकडे सतरा वर्षं भांडी घासतात त्या. माझ्या सासूबाईंनी तो तिथं ठेवला, मी तिथंच राहू दिला.

“हा कशाला काढलास?”

“रोज तिथंच असतो ना, आई. आत का नसतो?”

मी म्हटलं, “त्या बाहेरचं खातात. आपलं चौविहाराचं घर, कांदा-लसूणही नाही...”

ती शांतपणे म्हणाली, “माझ्या मैत्रिणीपण सगळं खातात. त्यांना तू आपल्याच कपात चहा देतेस.”

सख्यांनो, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शुद्धीसाठी म्हणून जो नियम मी पाळत होते, तो शुद्धीचा नव्हताच. घासलेला कप घासलेल्या कपापेक्षा वेगळा कसा? मावशी दर दसऱ्याला सुट्टी घेऊन दीक्षाभूमीवर जातात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथं दीक्षा घेतली, हे नागपुरात कुणाला माहीत नाही? सुट्टी मी आनंदानं देत होते, कप मात्र खिडकीतच होता.

त्या रात्री प्रतिक्रमणाला बसले तर मनात हरिकेशी मुनी. उत्तराध्ययन सूत्राच्या बाराव्या अध्ययनातली कथा आपण सगळ्यांनी व्याख्यानात ऐकलीय. चांडाळ कुळात जन्मलेले ते तपस्वी यज्ञाच्या ठिकाणी भिक्षेला गेले आणि तिथल्यांनी त्यांना हाकलायला पाहिलं. माणूस मोठा होतो तो तपानं, जातीनं नव्हे, हे ऐकताना मी दरवेळी मान डोलावली होती. आपण हाकलणाऱ्यांच्या बाजूला उभ्या आहोत असं मात्र एकदाही वाटलं नव्हतं.

संवत्सरीला फोनवर दोनशे जणांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवलं. बोटाला काहीच कष्ट पडले नाहीत. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा मात्र घसा कोरडा पडला. रॅकमधला फुलांचा कप घेऊन चहा ओतला, त्यांच्यासमोर ठेवला, हात जोडले आणि म्हटलं, “मावशी, इतकी वर्षं तुमचा कप वेगळा ठेवला. माझं चुकलं.”

त्यांनी एकदा कपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. चहा प्यायल्या. मग म्हणाल्या, “उद्यापासून माह्याच कपात द्या जी बाई. त्यात जास्त मावते.”

त्यांनी क्षमा केली की नुसता विषय टाळला, मला अजून कळलेलं नाही. विचारायची हिंमतही नाही. तो जाड कप आता आत रॅकमध्ये आहे, सगळ्यांच्या कपांत मिसळून. परवा घाईत ह्यांनी त्यातच चहा घेतला.

लेकीनं सोळावा फोटो कॉलेजात दिला. “देऊ ना?” असं तिनं आधी विचारलं होतं. मी हो म्हटलं, पण लगेच नाही, रात्रभर विचार करून.

तुमच्याही खिडकीत असा एखादा कप असेल तर बघा.

मिच्छामि दुक्कडम्.