उगवतीचा पाऊस

लातूर,
12 सप्टेंबर

चि. बाळ,

लातूर आणि नांदेड हे समुद्रापासून दूरचे जिल्हे. तरी त्यांचा शरद ऋतू समुद्रकिनाऱ्यावर ठरतो, आणि तोही लांबच्या किनाऱ्यावर. लातूरहून रत्नागिरी सरळ रेषेत सुमारे पावणेचारशे किलोमीटर. पण अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावरच रिते होतात. बालाघाटाच्या पठारावर पोचेपर्यंत त्यांत फारसे पाणी उरत नाही. भाद्रपद-आश्विनातला मोठा पाऊस उलट्या अंगाने, काकीनाडा, विशाखापट्टणम, कलिंगपट्टणम या आंध्रच्या किनाऱ्यावरून, पाचशे ते आठशे किलोमीटर चालून येतो. उगवतीकडचा नांदेड जिल्हा लातूरपेक्षा अधिक भिजतो, आणि त्यातही किनवट-माहूरचा डोंगरपट्टा सर्वांत जास्त.

या पावसाचे दिवस ठरलेले आहेत. 13 सप्टेंबरच्या सुमारास उत्तरा लागतात, 27 ला हस्त, ऑक्टोबरच्या 10-11 ला चित्रा आणि 23-24 ला स्वाती. हवामान खात्याचे पंचांग वेगळे असले तरी फार दूरचे नाही. 2020 पासून लागू असलेल्या तारखांनुसार मान्सूनची परतवाट 17 सप्टेंबरला पश्चिम राजस्थानातून सुरू होते आणि 15 ऑक्टोबरपर्यंत तो सगळ्या देशातून निघालेला असतो. मराठवाड्याचा निरोप या दोन तारखांच्या मधला. म्हणजे हस्त आणि चित्रा ही दोन नक्षत्रेच खरी निर्णायक.

या काळात पाऊस दोन तऱ्हांनी पडतो, आणि त्यांतला फरक ओळखता आला पाहिजे. पहिली तऱ्हा गडगडाटी. दुपारपर्यंत कडक ऊन, घामाने जीव नकोसा होतो, चारच्या सुमाराला आभाळ काळे होते, विजा कडाडतात आणि तासाभरात सगळे आटोपते. एका शिवारात ओढे वाहतात, शेजारच्या शिवारात धूळसुद्धा बसत नाही. माणसे आणि जनावरे दगावतात ती बहुतेक याच पावसातल्या विजांनी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप वीस ते चाळीस किलोमीटरच्या टापूतल्या विजेचा इशारा देते. कापणीच्या दिवसांत ते जवळ असावेच.

दुसरी तऱ्हा कमी दाबाच्या क्षेत्राची. बंगालच्या उपसागरात ते तयार होते, किनारा ओलांडते आणि वायव्येकडे सरकते. अशा क्षेत्राचा सर्वांत जोरदार पाऊस सहसा त्याच्या केंद्राच्या नैऋत्येला पडतो. त्यामुळे केंद्र तेलंगणा-विदर्भावरून जात असले तरी झोडपले जातात ते नांदेड आणि लातूर. 26 सप्टेंबर 2021 च्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. 27 आणि 28 तारखेला मराठवाडा पाण्याखाली गेला आणि मांजरा धरणाचे सगळे 18 दरवाजे उघडावे लागले. त्याच वादळाचे अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ झाले आणि थेट ओमानपर्यंत पोचले. त्याआधी 13 ऑक्टोबर 2020 ला काकीनाड्याजवळ आलेल्या तीव्र कमी दाबाच्या क्षेत्राने हैदराबाद बुडवले, मग सोलापूर-धाराशिव-लातूरची उभी पिके झोपवली. 1 सप्टेंबर 2024 ला पुन्हा कलिंगपट्टणम, आणि पूर नांदेड, हिंगोली, परभणीला. दरवेळी किनाऱ्यापासून शिवारापर्यंत एक-दोन दिवसांचे अंतर होते. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला निसर्गाने दिलेली उसंत तेवढीच.

ही उसंत सर्वांत महत्त्वाची सोयाबीनसाठी. जूनअखेर-जुलैत पेरलेले सोयाबीन नेमके हस्तात काढणीला येते. पाने गळलेली, शेंग वाळून हलवली की खडखड वाजणारी. अशी शेंग दोन दिवस भिजली की झाडावरच उकलते, आणि पाऊस लांबला तर दाण्याला कोंब फुटतात. कापून गंजी लावलेली असली तरी सुटका नाही. वरून ताडपत्री असते, पण खालून पाणी शिरते आणि तळाचा थर उबून काळा पडतो. मोंढ्यात आडतीवर मूठभर दाणे हातात घेऊन एक दाताखाली धरतात. कट्ट वाजला तर वाळलेला, चेपला तर ओला. सरकारी खरेदी केंद्रावर हेच काम यंत्र करते आणि ओलावा 12 टक्क्यांच्या वर दिसला की साधारणपणे माल परत येतो. वर्षाची कमाई दोन दिवसांच्या आभाळाने अशी हातातून जाते.

तरीही हा पाऊस नकोसा म्हणणे चूक आहे. तो न येण्याची शिक्षा लातूरने भोगलेली आहे. 2015 हे एल निनोचे वर्ष. मांजरा धरण तळाला गेले आणि 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर घेऊन. त्याच वर्षीच्या परतीच्या पावसाने मांजरेत पुन्हा पाणी आणले. 2018 ला परतीच्या पावसाने पाठ फिरवली आणि 31 ऑक्टोबरला राज्य सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. धरणे भरतात, विहिरींना पाझर येतो, हरभऱ्याला आणि ज्वारीला वाफसा मिळतो, ते हस्त-चित्राच्या याच दिवसांत.

नांदेडला आणखी एक तारीख पाहावी लागते. धर्माबाद तालुक्यातल्या, गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याची साठवण 2.74 टीएमसी आहे, पण सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2013 च्या निकालानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. म्हणजे हस्त-चित्राचे पाणी वाहून जाते. अडते ते 29 ऑक्टोबरपासूनचे. स्वातीचा पाऊस चार-पाच दिवस उशिरा आला तर त्या काठच्या गावांचे भले होते. मांजरा नांदेडच्या सीमेवर गोदावरीला मिळते आणि हे सगळे पाणी शेवटी आंध्रच्या त्याच किनाऱ्यावर पोचते, जिथून ढग निघाले होते.

अंदाज वाचताना शब्द नीट पाहावेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे फार तर एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत, त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. पहिले दोन शब्द बहुधा गडगडाटी पावसाचे असतात, शेवटचे दोन बहुधा उपसागरातून आलेल्याचे. तुरळक पावसाचा अंदाज वाचून काढणी थांबवणे आणि बहुतांश ठिकाणचा वाचून ती चालू ठेवणे, दोन्ही सारखेच नुकसानीचे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात 24 तासांत 65 मिलिमीटर भरले की त्याला अतिवृष्टी म्हणतात. पंचनाम्याची वाट तिथून सुरू होते. पण मापक मंडळात एकच आणि पाऊस शिवारागणिक वेगळा, हे दुखणे जुने आहे आणि अन्याय्यही.

दिवाळीच्या आगेमागे आभाळ निवळते, रात्री गार होतात, पहाटे दव पडते. नोव्हेंबरातली वादळे मुख्यतः तामिळनाडू-आंध्रकडे वळतात; इकडे त्यांचे ढग तेवढे येतात. तेवढ्यानेही तुरीची फुले गळतात आणि हरभऱ्यावर घाटेअळी वाढते.

उद्या उत्तरा लागतात. उपसागरात कमी दाबाची बातमी आली की कापलेले सोयाबीन त्याच दिवशी गोळा करावे, गंजी उंचवट्यावर लावावी. ताडपत्र्या दोन लागतात, एक खाली, एक वर. बाजारात भाव चढण्याआधी दोन्ही आणून ठेव.

तुझा,
मामा