रिव्ह्यू मी केला होता

पवित्र गुरुवारी संध्याकाळी वसईतल्या आमच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी या विधीत स्त्रियांनाही अधिकृत जागा दिली. यंदा त्या बारा जणांत मी होते.

आदल्या रात्री आमचं प्रॉडक्शन दोन तास बंद पडलं होतं. कॉलवर मॅनेजरने विचारलं, "चेंज कुणाचा?" मी टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाचं नाव घेतलं. खोटं नव्हतं, कोड त्याचाच होता. फक्त तो अप्रूव्ह मी केला होता, न वाचता, कारण मला विरार लोकल गाठायची होती. हे मी बोलले नाही. तोही गप्प राहिला.

गंमत म्हणजे 'सर्व्हंट लीडर' हा शब्द मला चर्चने नाही, ऑफिसने शिकवला. रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७०च्या निबंधात मांडलेली ही कल्पना २०१७च्या स्क्रम गाइडमध्येही होती. ट्रेनिंगच्या परीक्षेत त्या प्रश्नाचे मार्क मला पूर्ण मिळाले होते.

फादर सत्तरीचे. खाली बसताना त्यांनी माझ्या खुर्चीचा हात धरला. कोमट पाणी पावलावर पडलं आणि पाय मागे घ्यावासा वाटला. पेत्रानेही आधी नकारच दिला होता. गुरूने गुलामाचं काम करावं हे त्याला पटेना. पण मला आठवला तो यहुदा. योहानाच्या शुभवर्तमानात, १३व्या अध्यायात, पाय धुतले जातात तेव्हा तोही तिथेच असतो. दगा कोण देणार हे येशूला ठाऊक असतं. तरी पाय धुताना तो त्याला वगळत नाही, त्याचं नावही घेत नाही.

मी तर ज्याने काही दगा दिला नव्हता, त्याचं नाव चारचौघांत घेतलं होतं.

सोमवारी घटनेच्या रिपोर्टमध्ये मी एक ओळ घातली: कोड न वाचता मंजूर केला, चूक माझी. मॅनेजरसकट सगळ्यांना पाठवला. मग त्याच्या डेस्कपाशी गेले आणि सॉरी म्हटलं.

"इट्स ओके, मॅडम," तो म्हणाला.

आधी तो मला ताई म्हणायचा.

आता त्याचा कोड मी ओळन् ओळ वाचते, लोकल चुकली तरी. तो अजून मॅडमच म्हणतो.