दोन मोटारींची पाठचिकित्सा

आम्ही दोघेही तासिका तत्त्वावर शिकवतो. महाविद्यालये दोन, मधले अंतर चाळीस किलोमीटर. तेव्हा जुनी मोटार घेणे ही आमची हौस नव्हे, उपजीविकेची अट. समोर दोन वॅगन आर होत्या : एक २०१२ ची, दुसरी २०१४ ची.

दुसरीचा रंग ताजा, मीटरवर अवघे अडतीस हजार किलोमीटर. पण क्लचच्या पेडलचे रबर पार गुळगुळीत, आणि दुरुस्तीचे एकही बिल नाही. पहिली ब्याण्णव हजार चाललेली; तिची सारी बिले मात्र जपलेली. टायर २०२१ साली बदलल्याची पावती होती आणि टायरवर शिक्का '१४२१', म्हणजे २०२१ चा चौदावा आठवडा. पोथ्यांच्या पाठचिकित्सेत बाह्य आणि अंतर्गत पुरावा जुळला की प्रत विश्वासार्ह ठरते. नितळपणा हा पुरावा नव्हे.

अडचण एकच. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे पहिलीची २०२७ पर्यंत. पुढे तपासणी करून पाच वर्षांचे नूतनीकरण. तरीही आम्ही पहिलीच घेतली. ती स्वस्त पडली. वाचलेली रक्कम त्या तपासणीसाठी बाजूला ठेवली आहे.