शेवटचा कागद

बाबांचा चिखलाने माखलेला फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि फोन सुरू झाले. आत्याने तर थेट विचारलं, "अगं, बाहत्तर वर्षांच्या माणसाला जंगलात पळायला नेलंस? वर हरवून आलीस?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहिते. आणि हो आत्या, हरवलो होतो हे खरं आहे.

तर झालं असं.. आई गेल्यावर मी बाबांना हट्टाने इकडे क्वालालंपूरला आणलं. तोंडाने म्हटलं थोडे दिवस, पण मनात कायमचंच होतं. साताऱ्यात रोज पहाटे अजिंक्यतारा चढणारा माणूस इथे सतराव्या मजल्याच्या गॅलरीत बसून खालच्या गाड्या मोजत बसायचा. "कंटाळा आला का बाबा?" विचारलं की, "छे गं, छान आहे की." पुढे काही नाही.

माझ्या ऑफिसातला एकजण दर शनिवारी 'हॅश'ला जातो. हे हॅश प्रकरण मूळचं क्वालालंपूरचंच. १९३८ साली गिस्पर्ट नावाच्या ब्रिटिश अकाउंटंटने आणि त्याच्या दोस्तांनी ते सुरू केलं. इंग्रजी शाळांमधला जुना खेळ होता.. एक-दोघांनी ससा व्हायचं, कागदाचे कपटे टाकत पुढे पळायचं, आणि बाकीच्यांनी शिकारी कुत्र्यांसारखा माग काढायचा. ही मंडळी जिथे जेवायची त्या सेलंगोर क्लबच्या जागेला तिथल्या बेचव जेवणामुळे 'हॅश हाउस' म्हणत, तेच नाव यांना चिकटलं. गिस्पर्ट बिचारा १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या लढाईत मारला गेला. युद्धानंतर उरलेल्या मित्रांनी पुन्हा पळायला सुरुवात केली, आणि आता जगभर असे क्लब आहेत.

१९५० मध्ये सरकारदरबारी नोंदणी करताना त्यांना उद्दिष्टं लिहून द्यावी लागली. एक, तब्येत राखणं. दोन, शनिवार-रविवारची उतरवणं. तीन, चांगली तहान लागू देणं आणि ती बिअरने भागवणं (हो, सरकारी कागदावर!). आणि चौथं, वयस्कर सभासदांना पटवून देणं की त्यांना वाटतं तितके ते म्हातारे झालेले नाहीत.

हे चौथं वाचलं आणि मी आम्हा दोघांची नावं देऊन टाकली.

यातली वाट मुद्दाम फसवी आखलेली असते. कपटे दिसता दिसता एकदम संपतात. त्याला म्हणायचं 'चेक'. मग पुढचे पळणारे चारी दिशांना फुटतात. कुठे चार कपटे सापडतात, जरा पुढे गेलं की पुन्हा गायब, म्हणजे ती खोटी वाट, या परत. खरी वाट सापडली की "ऑन ऑन!" अशी आरोळी. मागचे ओरडून विचारणार, "आर यू?" म्हणजे, सापडली का रे? जोरात पळणाऱ्यांनी शोधाशोधीत दमावं आणि रमतगमत येणाऱ्यांनी त्यांना गाठावं, यासाठी हा सगळा खटाटोप. पहिला नंबर, दुसरा नंबर काही नाही.

संध्याकाळी सहाला रबराच्या जुन्या मळ्यापाशी चाळीसेक माणसं जमली. सगळे बाबांना "अंकल, अंकल" करत होते. इथे कुठल्याही वयस्कर माणसाला अंकलच म्हणतात. मळा संपला आणि खरं रान लागलं. ओल, उकाडा, वेताच्या काटेरी जाळ्या. माझं तोंड चालूच होतं. "बाबा, इथे पाय जपून. बाबा, पाणी प्या. बाबा, थांबा, मी पुढे होते." माझ्या पोटरीला जळू लागली तेव्हा मी किंचाळले, आणि बाबांनी शांतपणे खिशातून मिठाची पुडी काढली. कोयनेच्या जंगलात पावसाळ्यात काय कमी जळवा असतात?

तिसऱ्या चेकला सगळे पांगले. मला डावीकडे कपटे दिसले. मी ओरडले, आणि कोणाची वाट न बघता निघालेसुद्धा. कपटे पुढे पुढे दिसत होते, पण मागून कुणी येईना.

"हे आजचे कागद नव्हेत," बाबा म्हणाले. "भिजून लगदा झालाय यांचा. आज पाऊस कुठे पडलाय?"

"बाबा, मला कळतंय. हायवेचा आवाज येतोय ना, त्या दिशेने जाऊ."

आवाज येत होता खरा, पण जवळ येत नव्हता. कपटेही संपले. फोनला रेंज नाही. इथे सूर्य मावळला की संध्याकाळ अशी नसतेच, लगेच अंधार. त्यात झाडाखाली तर आणखी लवकर. बाबा पुन्हा काहीतरी म्हणायला लागले तशी मी अंगावर ओरडले, "तुम्ही जरा गप्प बसाल का? मला विचार करू दे!"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी असं बोलले. ते एका आडव्या ओंडक्यावर बसले. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

जरा वेळाने म्हणाले, "मोजणीत चूक आली की पुढे मोजत जायचं नसतं. शेवटचा खात्रीचा दगड गाठायचा आणि तिथून पुन्हा धरायचं. त्या चेकपासून चारशे ऐंशी पावलं आलोय आपण. दोन वळणं, दोन्ही उजवीकडे."

"तुम्ही मोजत होतात?"

"सवय आहे."

चौतीस वर्षं माणसाने मोजणी खात्यात काढली, आणि मी समजत होते की गॅलरीत बसून गाड्या मोजतात ते कंटाळ्याने.

परत फिरलो. फोनचा दिवा त्यांच्या हातात, मी मागे. "इथे मूळ आहे, पाय जपून," आता ते सांगत होते. चेकपाशी पोचलो तर दुसऱ्या बाजूला कोरडे, पांढरेशुभ्र कपटे! बाबांनी दोन्ही हात तोंडाशी नेऊन आरोळी ठोकली, "आर यूऽऽ?" आणि लांबून उत्तर आलं, "ऑन ऑन!" आम्हाला शोधायला दोघे बॅटऱ्या घेऊन निघालेच होते.

शेवटी सगळे गोल करून उभे राहतात आणि चुकलेल्यांना शिक्षा होते. जुन्या कागदांमागे गेले म्हणून मला बर्फाच्या लादीवर बसवलं. बाबांना मानाने मगभर हंड्रेड प्लस दिलं. फोटो तेव्हाचाच.

गाडीत मी सॉरी म्हणाले. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. जरा वेळाने म्हणाले, "पुढच्या महिन्याचं तिकीट बघ."

माझ्या पोटात खड्डा पडला. "ओरडले म्हणून?"

"नाही गं. तुझ्या आईचं कपाट अजून तसंच आहे. कुलूप लावून आलो. ते मलाच आवरायला हवं. ते तसंच टाकून मी इथे गाड्या मोजतोय."

मी काही बोलले नाही. गेले काही महिने मी एकटीच "ऑन ऑन" ओरडत पुढे चालले होते, हे कळायला तेवढा रस्ता पुरला.

घर आल्यावर उतरताना म्हणाले, "परतीचंही काढून ठेव. शुक्रवारी पोचेन असं बघ. शनिवार चुकायला नको."

तर आत्या, बाबा पंधरा तारखेला येताहेत. गुडघे ठणठणीत आहेत. आईच्या साड्यांमधली तुला हवी ती त्यांना सांग. आणि अजिंक्यताऱ्यावर तुम्ही बरोबर गेलात, तर कृपा करून त्यांना पाय जपून टाका असं सांगू नकोस.