हिमपक्ष्यांचे बिऱ्हाड

कॅनडाच्या बहुतेक भागांत डिसेंबर उजाडला, की दारापुढचे बर्फ वारंवार फावड्याने उपसावे लागते. मुलांना त्याची मौज वाटते. सत्तरी गाठलेल्या गुडघ्यांना ते सोसत नाही. म्हणून कितीतरी निवृत्त जोडपी मोटारघरात बिऱ्हाड भरतात आणि दक्षिणेची वाट धरतात. लोक त्यांना 'स्नोबर्ड', म्हणजे हिमपक्षी, म्हणतात. नाव गोड आहे खरे. पण पक्ष्याला भांडीकुंडी आणि औषधे बरोबर न्यावी लागत नाहीत!

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात क्वार्ट्झसाइट नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्या शेजारच्या वाळवंटी माळावर १९८३ सालापासून, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात, अशा प्रवाशांना तळ देता येतो. तेथे दारात नळ नाही, विजेची तार नाही. छपरावरच्या सौरपट्ट्यांवर दिवा लागतो. पाणी टाकीत भरून आणायचे. त्यामुळे कपबशी विसळतानाही हात आपोआप आखडतो. कोवळ्या उन्हात खुर्च्या टाकून म्हातारी माणसे शेजाऱ्यांशी तासन् तास बोलत बसतात.

मला या जीवनाचा हेवा वाटतो, आणि थोडी धास्तीही. एवढे अवजड वाहन हाकायचे, तर नजर आणि हात शाबूत हवेत. दोघांपैकी एकालाच ते हाकता येत असेल, तर दुसऱ्याचा हिवाळाही त्याच्याच डोळ्यांवर अवलंबून! शिवाय फार काळ बाहेर राहिल्यास कॅनडातील आपल्या प्रांताच्या आरोग्यविम्याचा हक्क जातो. म्हणून ही मंडळी दिवस मोजत राहतात आणि वसंतात, वाळवंटात फुले उमलू लागतात नेमकी तेव्हाच, गाडीचे तोंड उत्तरेकडे वळवतात.