कोल्ह्याची कैफियत

तीस वर्षे कलेक्टर कचेरीत इतरांचे अर्ज, जाबजबाब आणि कैफियती वाचण्यात घालविल्यानंतर यापुढे आपणांस कोणी प्रश्न विचारणार नाही, अशा सुखद भ्रमात मी गावी परतलो होतो. परंतु आमच्या वाचनालयाच्या चिटणीसांनी मुंबईहून भाड्याने आणविलेल्या 'द मार्क ऑफ झोरो' या इंग्रजी बोलपटाविषयी खेळानंतर 'चार शब्द' बोलण्याची कामगिरी माझ्यावर सोपविली, आणि तो भ्रम एका रात्रीत दूर झाला. माझी पात्रता एवढीच की, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत कॉलेजात असताना कोटातल्या एका थिएटरात हा चित्रपट मी लागोपाठ तीन वेळा पाहिला होता, आणि ही गोष्ट चारचौघांत सांगण्याचा मोह मला कधीच आवरला नव्हता.

वाचनालयाच्या अंगणात पांढरा पडदा बांधलेला, पुढे सतरंजीवर मुले, मागे बाकांवर वडीलधारी मंडळी. खेळ संपला आणि मी टिपणाचा कागद उघडतो न उघडतो तोच पहिला प्रश्न आला: असा माणूस खरोखरच होता काय? नव्हता. जॉन्स्टन मॅककली नावाच्या अमेरिकन लेखकाने 1919 साली 'ऑल-स्टोरी वीकली' या साप्ताहिकात एक कथा क्रमशः लिहिली, तीत स्पॅनिश वळणाच्या जुन्या कॅलिफोर्नियात दिवसा आळसावलेला श्रीमंत तरुण म्हणून वावरणारा आणि रात्री चेहऱ्यावर काळा बुरखा घालून जुलमी अंमलदारांचा समाचार घेणारा डॉन दिएगो त्याने निर्माण केला. झोरो म्हणजे स्पॅनिश भाषेत कोल्हा. दुसऱ्याच वर्षी नट डग्लस फेअरबँक्सने त्या कथेवरून मूकपट काढला. येथपर्यंत सारे सरळ होते. परंतु कथेच्या अखेरीस नायक सर्वांसमक्ष आपली ओळख उघड करतो, म्हणजे आमच्या भाषेत प्रकरण निकाली निघते. आणि मूकपट गाजल्यावर त्याच लेखकाने पुढच्या कथांत, जणू ती ओळख कोणास कळलीच नव्हती अशा थाटात, तेच प्रकरण पुन्हा दप्तरातून वर काढले. माझ्या हाताखालच्या एखाद्या कारकुनाने अशी फाईल सादर केली असती, तर मी त्याचा लेखी खुलासा मागविला असता.

पुढचा प्रश्न मेणबत्तीचा, आणि त्याची मी वाटच पाहत होतो. या 1940 सालच्या, रूबेन मामूलियनने दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात बॅसिल रॅथबोनचा कॅप्टन एका फटक्यात मेणबत्तीचा शेंडा उडवितो; मग टायरोन पॉवरचा दिएगो तलवार फिरवितो, मेणबत्ती जागच्या जागी तेवत राहते, कॅप्टन हसतो, आणि दिएगो शांतपणे तिचा वरचा अर्धा भाग ज्योतीसकट हातात उचलून घेतो. इतक्या थोड्या अवकाशात एका माणसाचे गर्वहरण आणि दुसऱ्याचे खरे रूप दाखविणारी दृश्ये मी फार थोडी पाहिली आहेत. पहिल्यांदा ते पाहून आलो त्या रात्री गिरगावच्या चाळीतल्या खोलीत मी तोच प्रयोग छत्रीच्या काडीने केला होता. मेणबत्तीसह दौत आडवी झाली, सोबत्याच्या एकुलत्या एक धुतलेल्या धोतरावर शाईचा ओघळ गेला, आणि दोन दिवस आमच्यात बोलणे नव्हते. ही कथा ऐकून सतरंजीवरची मुले इतकी हसली की, रॅथबोन स्वतः कसलेला तलवारबाज होता, पॉवरच्या जागी मात्र काही ठिकाणी तलवारीचे उस्ताद फ्रेड केव्हन्स यांचा मुलगा लढला, हा माझा खास राखून ठेवलेला तपशील कोणाच्या कानापर्यंत पोहोचलाच नाही.

मागच्या बाकावरून एक वृद्ध बाई म्हणाल्या, "अहो, पण हे तर आमच्या नादियाचंच!" त्यांचे खरे होते, फक्त क्रम उलटा. 1935 सालच्या 'हंटरवाली' या बोलपटात दिग्दर्शक होमी वाडियांनी नटी नादियाला बुरखा, चाबूक आणि घोडा दिला, तो वाडिया बंधूंना फेअरबँक्सचे वेड होते म्हणूनच. ज्या परळच्या वास्तूत त्यांची वाडिया मूव्हिटोन ही संस्था होती, तेथेच पुढे शांतारामबापूंचा राजकमल स्टुडिओ उभा राहिला, हे मी सांगितले. बाईंना मात्र घोड्याचे नाव हवे होते. 'पंजाब का बेटा', असे मी सांगताच त्यांनी शेजारणीकडे जो विजयी दृष्टिक्षेप टाकला, तो रॅथबोनला हरविणाऱ्या पॉवरलाही साधला नव्हता.

चित्रपटाच्या नावातला तो 'मार्क', म्हणजे ती खूण, नक्की कोठली, असे एका मुलाने विचारले. या चित्रपटात तलवारीच्या टोकाने झेड हे अक्षर भिंतीवर उमटते. फेअरबँक्सच्या मूकपटात ते प्रत्यक्ष खलनायकाच्या कपाळावर कोरले जाते. एवढे बोलून मी कागदाची घडी घातली.

तेव्हा पुढच्या रांगेतली एक आठ-नऊ वर्षांची मुलगी उभी राहिली. "आजोबा, त्यातले ते लठ्ठ साहेब लोकांकडून जुलमाने कर घेत होते ना? आणि तुम्ही पण कचेरीत सारा वसूल करत होता ना?" बाकांवर खसखस पिकली. तिच्या आईने तिचा फ्रॉक ओढला. पण ती बसेना. "मग झोरो तुमच्याकडे आला असता का?"

आमच्याकडे सारा जुलमाचा नव्हता, तो नियमाने ठरलेला होता, तहकुबीचीही तरतूद होती, असे उत्तर माझ्या ओठांवर आले होते, आणि ते खोटेही नव्हते. परंतु त्याच क्षणी मला अवर्षणाच्या एका वर्षातली, तहकुबीचा हुकूम येऊन पोहोचण्यापूर्वीची एक जप्ती आठवली, आणि माझ्याच वळणदार हस्ताक्षरातली तिची यादी: तांब्याची घागर, एक, पितळी परात, एक, जाते, एक. जाते जप्त करता येत नाही असे मागाहून कोणी लक्षात आणून दिले, म्हणून ते खोडले होते. घागर खोडली नव्हती. त्या घरची बाई ओसरीवर उभी राहून मी लिहितो ते पाहत होती, आणि शाई वाळेपर्यंत मी मान वर केली नव्हती.

"आला असता," मी म्हणालो, आणि नकळत माझा हात कपाळाकडे गेला. मंडळींना तो अभिनय वाटला. त्यांनी टाळ्या वाजविल्या.