कोंडाईबारीच्या पायथ्याचा वाडा

सुरतेहून बळसाण्याच्या श्री विमलनाथ भगवंतांच्या दर्शनास निघालेल्या गाड्या नवापूर मागे टाकल्यावर विसरवाडीत चहापाण्यासाठी थांबतात. येथूनच खांडबारामार्गे नंदुरबारकडे जाणारा रस्ता फुटतो आणि महामार्ग पूर्वेकडे कोंडाईबारी घाट चढून साक्री तालुक्यात उतरतो. यात्रेकरूंचे लक्ष घड्याळाकडे असते. त्यामुळे दिवाळीनंतर, कापणी झालेल्या भातखाचरात बसलेला मेंढ्यांचा कळप बहुतेकांच्या नजरेतून निसटून जातो.

हे मेंढपाळ बहुधा साक्रीकडील ठेलारी असतात. कोंडाईबारीची डोंगररांग म्हणजे पावसाची सीमारेषा. तिच्या पश्चिमेस नवापूरच्या बाजूला पाऊस भरपूर, म्हणून तिकडे भात आणि तूर. पूर्वेस पाऊस तोकडा, म्हणून बाजरी. मेंढीला चिखल आणि सततची ओल सोसत नाही, तिचे खूर सडतात. म्हणून पावसाळा पूर्वेच्या कोरड्या माळावर काढायचा आणि तिकडचे गवत संपले की चाऱ्यासाठी बाहेर पडायचे, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम आहे. कोणी दूर वऱ्हाडाकडे जातात, काही वाडे घाट उतरून इकडे येतात. वाडा म्हणजे भिंतींचे घर नव्हे. चार-सहा बिऱ्हाडे, त्यांच्या मेंढ्या, सामान वाहणारी घोडी आणि राखणीची कुत्री मिळून वाडा होतो.

वाड्यातला दिवस पहाटे सुरू होतो, पण कळप लगेच हलत नाही. ओल्या गवताने मेंढीचे पोट बिघडते, हा अनुभव. म्हणून दव ओसरेपर्यंत थांबतात. तोवर बायका चूल पेटवून बाजरीच्या भाकरी थापतात. पुरुष कळप घेऊन डोंगराच्या कडेने निघाले की मागचे सारे बायकांवर येते. भांडीकुंडी, अंथरूण, पाण्याची भांडी घोड्यांवर लादायची, नुकती जन्मलेली कोकरे जपून वर बसवायची आणि पुढच्या शेताशी जाऊन पुन्हा संसार मांडायचा. कोणती मेंढी गाभण, कोणती लंगडते, कोणत्या कोकराला आईचे दूध पुरत नाही, हे सारे कारभारणीच्या तोंडावर असते. कागदावर एक अक्षर नाही, तरी हिशेब चुकत नाही. खातेवहीत आयुष्य घालवलेल्या माणसाने हेवा करावा अशी ही स्मृती आहे.

दिवसातला पाहण्यासारखा प्रसंग संध्याकाळचा. कोकरे दिवसभर सुताच्या जाळीच्या कुंपणात, म्हणजे वाघुरीत, ठेवलेली असतात. सूर्य कलला की दूरवरून कळपाचा आवाज येतो आणि वाघुरीत एकच गलका उडतो. जाळी उचलताच कोकरे सुटतात. शेकडो आया, शेकडो पिल्ले, सर्वांचा स्वर आपल्याला सारखाच वाटतो. पण प्रत्येक कोकरू हुंगत, धडपडत आपल्याच आईपाशी पोचते. चुकून दुसरीकडे तोंड घातले तर ती मेंढी वास घेऊन त्याला ढुशी देते. आई मेलेले एखादे कोकरू मधेच घुटमळत राहते. म्हातारी आजी त्याला उचलते, दुसऱ्या दुभत्या मेंढीचे डोके गुडघ्यांत दाबून धरते आणि त्याला पाजते. हे रोज, दोन्ही वेळा.

रात्री कळप शेतात बसतो आणि त्या बसण्यालाच मोल आहे. लेंड्या व मूत्र यांनी जमीन सकस होते, म्हणून शेतकरी मेंढपाळाला धान्य किंवा रोख रक्कम देतो. पूर्वी धान्याचा रिवाज अधिक होता. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर येथे भांडवल स्वतःच्या पायांनी चालते. मेंढी सुमारे 150 दिवस गाभण राहते आणि दख्खनी मेंढीला एका वेळी बहुधा एकच कोकरू होते. म्हणजे वाढ संथ. लोकर वर्षाकाठी मेंढीमागे किलोच्या आतच, तीही जाडीभरडी. कातरणाऱ्याची मजुरी वजा जाता हाती फारसे काही उरत नाही.

श्वेतांबर साधु-साध्वींचा ओघा आणि सामायिकाचे कटासणे लोकरीचे असते, हे प्रत्येक घराला माहीत आहे. लोकर कातरताना मेंढीचा जीव जात नाही. पण लोकरीवर चूल पेटत नाही, हेही तितकेच खरे. रोख पैसा नर कोकरांच्या विक्रीतून येतो आणि ती कोकरे कोठे जातात, ते मेंढपाळ जाणतो. सौदा ठरत असताना तीच आजी पाठ फिरवून चुलीकडे बसते. जिला जिवापाड पाजले, तिच्यापुढे हा प्रश्न आपल्यापेक्षा कितीतरी जवळ उभा असतो.

धोके अनेक आहेत. घाटात बिबट्याचे आणि चोरांचे भय. वनखात्याच्या रोपवनात चराईस बंदी, गावच्या गायरानावर स्थानिकांच्याच गुरांचा हक्क. त्यातून कधी वादही होतात. अवकाळी पाऊस तर एका रात्रीत होत्याचे नव्हते करतो. डिसेंबर 2021 च्या आरंभी पाऊस आणि गारठा एकत्र आला, तेव्हा पुणे व नगर जिल्ह्यांत मेंढ्या मोठ्या संख्येने दगावल्या. शासनाची महामेष योजना 20 मेंढ्या आणि 1 नर यांच्या गटाला 75 टक्के अनुदान देते. योजना चांगली आहे. परंतु अनुदानाने मेंढ्या मिळतात, चराऊ रान मिळत नाही.

मुलांच्या शाळेचे कोडे निराळेच. स्थलांतरित विद्यार्थ्यांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवून मूल नव्या गावच्या शाळेत बसू शकते. पण वाडा दोन-चार रात्रींनी हलतो, तेव्हा मूल कोणत्या शाळेत बसणार? म्हणून काही घरांनी मुलांना मूळ गावी आजोबांकडे ठेवले आहे. ती मुले शिकतील आणि बहुधा कळपामागे येणार नाहीत. आईबापांनाही तेच हवे आहे. फक्त म्हाताऱ्यांना त्याची हुरहुर लागते.

ज्येष्ठात पश्चिमेकडे ढग दाटू लागले की वाडे परतीला लागतात. घाट ओलांडायचा तो भल्या पहाटे, वाहने कमी असताना. एक जण हाती लाल कापड घेऊन पुढे, एक मागे, कुत्री दोन्ही कडांना. मालमोटारींचे दिवे वळणावर दिसले की पुढचा माणूस कापड हलवतो आणि शीळ घालतो. कळप रस्त्याच्या कडेला दाटतो. शेवटचा घोडा वळणापार गेला की कारभारीण वर बसवलेली कोकरे पुन्हा एकदा मोजते.